काचबिंदूतली काच

टण्ण! पितळी वाटीत काचेचा कण पडला आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. नेत्रमहाराजांनी एका आजीबाईंच्या डोळ्याला कापसाचा बोळा लावला होता, आणि त्यातून म्हणे काचबिंदूतली काच निघाली!

"नावातच काच आहे, बाळांनो!" महाराज गरजले. "काच निघाली की बिंदू पळाला! डॉक्टर काय करणार? लेसरनं डोळा जाळणार. मग बसा चाचपडत!"

लोक माना डोलावत होते. माझं डोकं तापलं होतं, पण ऐकतो कोण? माझा थोरला भाऊच रांगेत उभा होता. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या दादाचा उजवा डोळा काचबिंदूनं गेला होता आणि डाव्यानं समोरचं तेवढं दिसायचं, नळीतून पाहावं तसं. औषधाचे थेंब झाले, शस्त्रक्रिया झाली, तरी डोळ्यातला दाब उतरेना. आता डॉक्टरांनी लेसर सांगितला होता, आणि या शहाण्यानं महाराजांचं ऐकून थेंबही बंद केले होते.

"दादा, घरी चल रे," मी त्याचा हात ओढला.

"सोड, धाकटे. बुडत्याला काडीचा आधार. एवढी काडी तरी राहू दे मला."

वहिनी नुसती रडत होती.

दादाच्या पुढे आमच्या शाळेतले विज्ञानाचे निवृत्त मास्तर होते. त्यांना तिथे पाहून मी कपाळावर हात मारून घेतला.

"डावा डोळा, महाराज. काही म्हणजे काही दिसत नाही," मास्तर म्हणाले.

महाराज काहीतरी पुटपुटले, शेजारच्या टोपलीतला बोळा घेऊन दाबला. टण्ण! "केवढी काच साठली होती! आता दिसेल."

"असं? मग हा डोळा तुम्हीच ठेवा," म्हणत मास्तरांनी डावा डोळा काढून तळहातावर घेतला. "माझा खरा डोळा अपघातात गेला. हा कारखान्यातला. याला काचबिंदू कुठून झाला?"

महाराजांची पाचावर धारण बसली. मास्तरांनी टोपलीतला पुढचा बोळा उचलून पिंजला. आत काचेचा कण होता. दादाच्या डोळ्यातली काच दादा पुढे येण्याआधीच तयार होती!

लोक हसले, ओरडले. दादा मात्र मटकन खाली बसला.

"म्हणजे माझ्या डोळ्यातून काहीच निघणार नाही?"

मला भडभडून आलं. आम्ही त्याला तसाच दवाखान्यात नेला. दाब भलताच वाढला होता.

"काचबिंदूत काच नसते हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळ्यात पाणी तयार होतं आणि वाहून जातं. तुमची मोरी तुंबलीय. ती मोकळी करून पाहिली, जमलं नाही. आता लेसरनं नळच थोडा बारीक करायचा. कदाचित पुन्हाही करावा लागेल."

"गेलेलं परत दिसेल?"

"नाही. उरलंय ते टिकवायचा प्रयत्न करू."

लेसरनंतर दाब उतरला. पण थेंब बंद होते तेवढ्या दिवसांत नजरेची नळी आणखी अरुंद झाली होती, ती तशीच राहिली. दादाला समोर बसलेल्या वहिनीचा चेहरा दिसतो. शेजारी मी बसले असेन, तर मला हाक मारावी लागते.

म्हणून कळवळून सांगते, टाळी वाजवण्याआधी 'हे कसं झालं?' एवढं विचारा, आणि कुणाच्याही सांगण्यावरून औषध सोडू नका. काचबिंदूनं गेलेली नजर महाराज परत आणत नाहीत, डॉक्टरही आणत नाहीत. डॉक्टर ते तोंडावर सांगतात.