टायरचा मळ

माझे वडील दत्तोबा, म्हणजे आमचे अण्णा, आयुष्यात पहिल्यांदा माझी शर्यत बघायला आले आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझ्या गाडीची पार वाट लावली. प्रेमाने लावली, म्हणून धड ओरडताही येईना.

आधीचं सांगते, नाहीतर म्हणाल पोरगी बापाच्या नावाने बोटं मोडते. आम्ही धानोरीचे. विश्रांतवाडीच्या पुढे जिथे आता टॉवर उभे आहेत, तिथे आमची शेतं होती. अण्णांची बैलजोडी घाटात, म्हणजे बैलांच्या चढत्या धावपट्टीवर, पळायची आणि बैलगाड्याच्या शर्यतीत त्यांचं नाव होतं. मी मात्र एक जुनी हॅचबॅक घेतली, तिची मागची सीट काढून टाकली आणि चाकणपलीकडच्या ट्रॅकवर पळवायला लागले. अण्णांना हे कधीच पटलं नाही. "रस्त्यावर न्यायची न्हाई, कुनाला बसवायचं न्हाई, मंग गाडी हाय कशाला?" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे. यंदा त्यांनी निर्वाणीचं सांगितलं, "पयला नंबर आला तर ठेव. न्हाईतर दिवाळीच्या आत इकून टाक." घर त्यांचं, अंगण त्यांचं, गाडी लावायची जागाही त्यांचीच. आणि अण्णांनी शब्द फिरवल्याचं मी तरी कधी पाहिलेलं नव्हतं.

सकाळच्या फेरीत मी दुसरी आले. पहिला रणजित, नेहमीप्रमाणे. पण मला नंबरापेक्षा दुसरीच काळजी होती. शेवटच्या वळणानंतर स्टिअरिंग असं थरथरायला लागलं की दात वाजले. शर्मिला, खडकीची माझी मैत्रीण, पर्स विसरेल पण पान्यांची पेटी विसरणार नाही. तिने चाकाखाली डोकं घातलं आणि म्हणाली, "बाईसाहेब, कडेला कशाला गेलात?"

गेले होते खरी. सगळ्यांच्या टायरचं झिजलेलं रबर ट्रॅकच्या कडेला चुऱ्यासारखं पडलेलं असतं. आपला टायर तापून मऊ झाला की वितळलेल्या डांबरावर चप्पल चिकटावी तसा तो चुरा त्याला चिकटतो. माझ्या टायरांवर त्याचे थरावर थर बसले होते, रिमच्या आतल्या बाजूलाही गोळे होते. आम्ही त्याला मळ म्हणतो. तो तापवून खरडावा लागतो, म्हणून शर्मिला दुसऱ्या टीमकडे हीट गन मागायला गेली. मला चालकांच्या मीटिंगला बोलावलं. जाता जाता मी अण्णांना म्हटलं, "एवढा टायरचा मळ काढायचा राहिलाय. शर्मिला आली की काढू. तुम्ही बसा सावलीत."

बसतील तर ते अण्णा कसले!

परत आले तर चारही टायर चकाकत होते. म्हणजे त्यांत बघून भांग पाडावा इतके. शेजारी साबणाच्या पाण्याची बादली, अण्णांच्या हातात फडकं, बाही कोपरापर्यंत काळी, आणि टायर पॉलिशची रिकामी बाटली. येताना विश्रांतवाडीत "जरा थांब, तंबाखू घेतो" म्हणून उतरले होते ना, तेव्हा ही घेतली होती. कडांना लावलं असतं तर एक वेळ चाललं असतं. यांनी जमिनीला टेकतो त्या भागालाही चोळून चोळून लावलं होतं. अशा टायरवर पळणं म्हणजे साबण सांडलेल्या फरशीवर धावणं.

"अपेक्षा," रणजित पलीकडून ओरडला, "टायर आहेत की गुलाबजाम? पाक मुरू दे जरा!"

माझं टाळकं सटकलं. "अण्णा, काय केलंत हे?"

"तूच म्हनलीस ना मळ काढायचा हाय?" ते गोंधळून म्हणाले. "घाटात उतरायच्या आधी जोडी धुत्यात, शिंगांना त्याल लावत्यात. मळकी जनावरं घिऊन कोन जातं का शर्यतीला? चार लोकांत तुझी गाडी उठून दिसावी म्हनलं."

ज्या गाडीला ते अंगणातली अडगळ म्हणायचे, तिला त्यांनी उन्हात बसून बैलासारखं सजवलं होतं. मला रडूही आलं आणि डोकं आपटावंसंही वाटलं. गाडी गेलीच, असं मी मनाशी धरलं.

शर्मिला हीट गन घेऊन आली, टायर बघून तिने तोंडावर हात ठेवला, पण गप्प बसेल तर ती कसली. तिने एका जागी गरम हवा सोडली आणि पट्टीने एक पापुद्रा उचलला. मग ती किंचाळलीच.

"अगं, बघ! पॉलिश मळावर बसलंय! खालचं रबर कोरडं ठणठणीत आहे!"

खरंच होतं. टायर स्वच्छ असते तर पॉलिश थेट रबराला लागून निकाल लागला असता. पण मळाचा थर इतका जाड होता की सगळं सौंदर्य त्यानेच झेललं. आम्ही चाकं उतरवली आणि खरडत सुटलो. अण्णांनी माझ्या हातातली पट्टी घेतली आणि रिमच्या आतला एकेक गोळा टोकरून काढला. खाचांमधलं पॉलिश शर्मिलाने पुसलं. चाकं चढवली तोवर शेवटच्या फेरीची शिटी झाली होती.

सुरुवातीला मी गाडी डावी-उजवी डोलवत टायर तापवले. पहिल्या वळणाला मी स्टिअरिंग जपूनच फिरवलं. घसरली तर संपलं! घसरली नाही. दुसऱ्या वळणाला मी ब्रेक उशिरा दाबला, तिसऱ्याला आणखी उशिरा, आणि गाडी घोरपडीसारखी रस्त्याला चिकटून राहिली. स्टिअरिंगमध्ये थरथर औषधालाही नव्हती. कडेचा चुरा दिसला की मी त्याला लांबूनच रामराम केला. शेवटच्या सरळ रस्त्यावर मी हेल्मेटच्या आत एकटीच ओरडत होते.

फलकावर माझं नाव सगळ्यात वर गेलं. रणजित खाली!

आणि तेवढ्यात, जिथे लोक फक्त शिस्तीत टाळ्या वाजवतात त्या ट्रॅकवर, कुंपणापलीकडून आरोळी आली, "भिर्रर्रर्र!" घाटात बैल सुटले की देतात, तीच. अण्णांनी फेटा काढून हवेत उडवला होता. रणजितने येऊन माझा हात हातात घेतला. "गुलाबजाम मीच आणतो," तो म्हणाला.

मी गाडी आणून लावली तर अण्णा आधी चाकापाशी वाकले. "परत मळ लागला की गं."

"लागणारच," मी म्हटलं. "मग काय अण्णा, दिवाळीच्या आत विकायची ना?"

"कोन म्हनलं?"

त्यांनी खिशातून भंडाऱ्याची पुडी काढली आणि बॉनेटवर पिवळी बोटं ओढली. हात चाकापर्यंत गेला, पण तिथेच थांबला.

"टायरला न्हाई लावत. कळतंय मला," ते म्हणाले, आणि मांडी घालून बसत त्यांनी शर्मिलाकडे हीट गन मागितली.