स्टार्टरवर ठेवलेला हात

बाबांचा स्वतःच्या कानांवर फार विश्वास. उभी हयात शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात गेली. मशीन उघडायच्या आधी आवाजावरूनच दुखणं सांगायचे. त्यामुळे गाडी चालू होईना तेव्हा किल्ली फिरवून ते ठामपणे म्हणाले, "काहीच आवाज नाही. बॅटरी गेली." नवी बॅटरी आली. गाडी ढिम्म.

आईने मग भंगारवाल्याला सांगून टाकलं, संध्याकाळी येऊन घेऊन जा. "दारात पांढरा हत्ती पोसायची हौस नाही मला," हे वर. बाबांचं तोंड एवढंसं झालं. ते मला बघवेना. शिवाय नव्या बॅटरीवरही गाडी अडते कशी, हा किडा डोक्यात वळवळायला लागला, आणि तो वळवळला की मला घास गोड लागत नाही.

दुपारी दोघं शेडमध्ये गेलो. बाबा उघड्या बॉनेटपाशी, मी किल्लीपाशी.

"पुढचे दिवे लाव आणि मग किल्ली फिरव," ते म्हणाले.

समोरच्या भिंतीवर उजेड पडला. किल्ली फिरवली तरी तो तसूभर कमी झाला नाही.

"म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे," बाबा पुटपुटले. "इंजिन फिरवणारी स्टार्टरची मोटर वीज ओढतच नाहीये."

"मग तो टक् आवाज कशाचा?"

"कसला टक्?"

मला वाटलं, लहानपणी घ्यायचे तशी परीक्षा घेतायत. पुन्हा फिरवली. टक्. कुंपणावरचं मांजरसुद्धा वळून बघायला लागलं. बाबा मात्र माझ्या ओठांकडे बघत होते, मी काय सांगते याची वाट पाहत.

मी उतरले, स्टार्टर कुठेय ते विचारलं, त्यांचा हात धरून त्यावर ठेवला आणि परत जाऊन किल्ली फिरवली.

बाबा तसेच वाकून राहिले. "आहे की," ते हळूच म्हणाले. मग गडी जागा झाला. "म्हणजे स्टार्टरवरचा स्विच काम करतोय, मोटर फिरत नाही. आत वीज पोचवणारे कार्बन झिजले असणार. शिलाईच्या मोटरीचंही असंच होतं, टपली मारली की तात्पुरती चालते. थांब."

पान्याच्या दांड्याने त्यांनी मोटरीला दोन-चार टपल्या मारल्या. "आता फिरव."

इंजिन खोकलं आणि सुरू झालं.

हात पुसत आई बाहेर आली. "काय झालं होतं?"

वायर सुटली होती, असं मी ठोकून देणार होते. तेवढ्यात बाबा म्हणाले, "गाडी पहिल्या दिवसापासून सांगत होती. मलाच ऐकू येत नव्हतं."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "त्या भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवते," ती म्हणाली. "मोटर दुरुस्त झाली की याच गाडीने कानाच्या डॉक्टरकडे जाऊ."

"काय म्हणालीस?"

एकच गोष्ट दोनदा सांगावी लागली की आईच्या अंगाचा तिळपापड होतो. तिने पुढे होऊन गाडी बंद केली, बाबांच्या समोर उभी राहिली आणि सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश.