कुणाचंच नसलेलं स्टूल

मित्रांनो, मी एक जुनं, अडाणी स्टूल आहे. अडाणी अशासाठी की मला पाठ नाही, हात नाहीत, खालीवर करणारा खटका नाही. साहेबांच्या खोलीतली ती गोल फिरणारी खुर्ची मला पाहून नाक मुरडते. मुरडू दे बापडी. दिवसभरात तिच्यावर एकच माणूस बसतं, आणि तेही बहुतेक वेळ फोनवर असतं.

माझा जन्म नगर-पुणे रस्त्यालगतच्या एमआयडीसीतला. इथे एका लहान कारखान्यात रबराचे वायसर तयार होतात. साच्यातून निघालेल्या वायसरांच्या कडेला जास्तीचं रबर लोंबत असतं. ते कात्रीने काढून टाकायचं काम आठ बाया एका लांब टेबलापाशी उभ्यानं करतात. चौदा वर्षांपूर्वी त्यातल्या रतनबाईंचे पाय सुजले, तेव्हा भिमाजी नावाच्या वेल्डरने मला बनवलं. यंत्राच्या खोक्याची फळी आणि उरलेल्या अँगलचे चार तुकडे, एवढंच माझं भांडवल. त्यातही एक पाय बोटभर आखूड राहिला. भिमाजीने त्याच्याखाली एक नापास वायसर चिकटवला आणि ठासून म्हणाला, "आता डुलत न्हाई." मी डुलत होतं. अजूनही डुलतं.

तेव्हाचे साहेब वयस्कर होते. त्यांनी मला पाहिलं आणि विचारलं, "बसून कात्री चालते ना? मग बसा की." एवढंच. ना अर्ज, ना शेरा.

पण रतनबाई एकट्या बसणाऱ्यातल्या नव्हत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी टेबलापाशी सांगून टाकलं, "ह्ये माझ्या एकटीचं न्हाई. जिला लागंल तिनं बसायचं. का म्हून कुनी इचारायचं न्हाई."

तोच आमच्या टेबलाचा रिवाज झाला. कुणाची महिन्याची अडचण, कुणाचा चतुर्थीचा उपास, कुणाच्या घरी पहाटे चारला पाण्याचा टँकर आलेला. जी बसली ती बसली. बाकीच्या मान खाली घालून कात्री चालवायच्या. मला मात्र सगळं कळायचं. माणूस किती थकलंय हे त्याच्या बोलण्यापेक्षा बसण्यावरून लवकर समजतं. ती माझी विद्या आहे आणि त्या बाबतीत मी कुणाला ऐकणार नाही.

दोन वर्षांपूर्वी जामखेडकडची दिपाली कामाला आली. आधी ती आणि तिचा नवरा हनुमंत ऊसतोडीला जायचे. एकदा उसाच्या फडात मोळी डोक्यावर घेताना तिच्या पोटातलं पाच महिन्यांचं बाळ गेलं. त्यानंतर तिने हट्टच धरला की पुन्हा फडात जायचं नाही. म्हणून ती इथे आली. इथे डोक्यावर छप्पर होतं, हातात कोयत्याऐवजी कात्री होती आणि बसायला मी होतो... चुकलं, होतं. एवढ्या बायका 'बस रे बाबा' म्हणत माझ्यावर टेकल्या आहेत की कधी कधी माझी मलाच गफलत होते.

गेल्या वर्षी दिपालीला पुन्हा दिवस गेले. तिने कुणाला सांगितलं नाही, कारण कारखान्याला बाया पुरवणाऱ्या ठेकेदाराची रीत तिला ठाऊक होती. पोट दिसू लागलं की तो गोड बोलून म्हणायचा, "बाळंत हो, मग ये." आणि नंतर गेलेल्या बाईला कुणी परत घेतल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. दिपाली माझ्यावर जास्त वेळ बसू लागली. बाकीच्या सातजणींनी ओळखलं, पण रिवाजाप्रमाणे कुणी विचारलं नाही.

अशात नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे मला आधीच सांगायला हवं. ते सगळ्यांना 'अहो' म्हणायचे, कधी आवाज चढवायचे नाहीत. पण त्यांना नीटनेटकेपणाचं वेड होतं. माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे लोक तपासणीला येणार होते. साहेबांनी फरशीवर पिवळ्या रेघा मारून घेतल्या. झाडूला चौकोन, तेलाच्या डब्याला चौकोन आणि प्रत्येक वस्तूवर ती वापरणाऱ्याचं नाव. ज्या वस्तूला नाव नाही ती अनावश्यक, असा नियम भिंतीवर लावला.

एके सकाळी ते माझ्यासमोर थांबले. "हे कोणाचं? यावर कोण बसतं?"

आठही कात्र्या थांबल्या. दिपालीचं नाव घेतलं तर साहेब पुढे 'का' विचारणार, हे सगळ्यांना दिसत होतं. रतनबाईंनी पटकन उत्तर दिलं, "कुनाचंच न्हाई, सायेब."

"मग इथे कशाला?"

साहेबांनी माझ्या पायाला एक लाल चिठ्ठी बांधली, तिच्यावर 'अनावश्यक' असं लिहिलेलं होतं. दोन माणसांनी मला मागच्या भंगाराच्या शेडमध्ये नेऊन टाकलं.

खरं सांगायचं तर दोन दिवस मी रतनबाईंवर चिडलेलं होतं. चौदा वर्षं भार वाहिला आणि एका शब्दात मला अनाथ केलं! मग हळूहळू कळलं. त्यांनी दिपालीला वाचवायला तोंड उघडलं होतं आणि त्याच बोलण्याने तिचं बूड टेकायची जागा गेली होती. चांगुलपणाने केलेली चूकही चूकच असते, आणि ती लई दुखते.

शेडच्या पत्र्याला फट होती. तिच्यातून मला अंगण दिसायचं. त्याच आठवड्यात तिथे 'कर्मचारी आनंद सप्ताह' सुरू झाला. मोठा फलक लागला, योगासनं झाली, सगळ्यांना तुळशीची रोपं मिळाली. नगरहून आलेल्या एका तज्ज्ञ बाईंनी कामाचा थकवा कसा घालवावा यावर पाऊण तास व्याख्यान दिलं. कामगारांनी ते उभ्यानं ऐकलं, कारण खुर्च्या पाहुण्यांसाठी होत्या. दिपाली मागच्या रांगेत एका पायावरचा भार दुसऱ्यावर देत उभी होती. मला हसूही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती शेडमध्ये आली. डबा न उघडताच माझ्यावर बसली आणि पाय एका रिकाम्या पिंपावर टाकले. मागोमाग रतनबाई आल्या.

"पाय बघ तुझं, भाकरीवानी फुगल्यात."

"मावशी, सकाळधरनं पोटात ओढल्यावानी हुतंय. मागल्या खेपंला बी असंच सुरू झालं हुतं."

"सायेबाला सांग की मंग."

"आनि ठेकेदारानं उद्यापास्नं यिऊ नको म्हनलं तर? परत फडात जाऊ का मी?" दिपाली रडली नाही. फक्त दोन्ही हातांनी माझी फळी घट्ट धरून बसली.

रतनबाई म्हणाल्या, "चूक माझी हाय. मीच म्हनले कुनाचंच न्हाई. ऊठ."

त्यांनी मला काखेत मारलं आणि थेट साहेबांसमोर नेऊन ठेवलं. "सायेब, ह्ये स्टूल माझं हाय. माझ्या गुडघ्यांना लागतं."

साहेबांना खरोखरच वाईट वाटलं. "अहो, मग आधी सांगायचं ना! डॉक्टरांचा दाखला आणा, लगेच व्यवस्था करतो."

दाखला आला आणि व्यवस्था झाली. मला लाल चिठ्ठीतून सोडवलं, पिवळा चौकोन मिळाला आणि माझ्या फळीवर पांढऱ्या रंगात लिहिलं गेलं, 'रतनबाई – फक्त वैद्यकीय कारणासाठी'. यावर रोज कोण बसलं याची नोंद करायचं काम सुपरवायझर कल्याणला दिलं. चौदा वर्षं मी सगळ्यांचं होतं. आता एकीचंच झालं.

पहिल्या दिवशी कल्याण वही घेऊन आला, तेव्हा माझ्यावर दिपाली बसली होती आणि रतनबाई शेजारी उभ्या होत्या. त्याने फळीवरचं नाव वाचलं, दिपालीकडे पाहिलं. ती घाईने उठू लागली.

"बसा, बसा," तो हळूच म्हणाला. मग मान वळवून मोठ्यानं विचारलं, "रतनमावशी, आज तुमीच बसलाय ना?"

"व्हय की. सकाळधरनं बसलीय," उभ्या रतनबाई म्हणाल्या.

त्याने तसं लिहिलं. लिहिताना त्याचे कान लाल झाले होते. दिपालीच्या जिवात जीव आला, पण माझ्या मनातून ते गेलं नाही. थकलेल्या बाईला बसू द्यायला एका सरळ माणसाला रोज खोटं लिहावं लागतं, मग ती नोंदवही काय कामाची?

असे तीन महिने निघाले. आठवा महिना लागला तशी दिपाली सासूच्या आजाराचं निमित्त सांगून गावी गेली. एका दुपारी हनुमंतचा रतनबाईंना फोन आला. मुलगी झाली होती, दोघी धडधाकट होत्या, नाव दिशा ठेवणार होते. त्या दिवशी टेबलावरच्या बायांनी साहेबांच्या नियमाविरुद्ध पाच मिनिटं काम थांबवलं आणि पेढ्याऐवजी गूळ वाटला.

तेवढ्यावर मी ही गोष्ट संपवली असती तर किती बरं झालं असतं! पण दिपालीच्या जागेवर आठवड्याभरातच ठेकेदाराने दुसरी बाई आणली. कल्याणने दिपालीसाठी दोनदा शब्द टाकला. दोन्ही वेळा ठेकेदार "बघू" म्हणाला. परवा रतनबाईंनीच टेबलापाशी सांगितलं की हनुमंतच्या दारात ऊसतोडीचा मुकादम येऊन गेला. दसरा झाला की टोळी निघेल, आणि लहानग्या दिशाला घेऊन दिपालीला फडात जावं लागेल. हे ऐकल्यापासून माझा आखूड पाय मला जास्तच जाणवतो.

आज रतनबाई रजेवर आहेत. कालच कामाला लागलेली रेश्मा सकाळपासून कमरेवर हात दाबून माझ्या शेजारी उभी आहे. दोनदा ती माझ्याकडे वळली, दोनदा फळीवरचं नाव वाचून मागे सरकली. तिला आमचा रिवाज अजून कुणी सांगितलेला नाही. मघाशी त्या मोठ्या कंपनीचे तपासणीचे लोक आले होते. त्यांनी मला माझ्या चौकोनात, रिकामं, स्वच्छ पाहिलं, "वा, छान व्यवस्था" म्हणाले आणि माझा फोटो काढून गेले.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलंच कुणी साहेब होईल. फरशीवर रेघा जरूर मारा, पण रेघेपलीकडे उभ्या असलेल्या माणसाचे पायही पाहा. त्याला अजून वेळ आहे म्हणाल, तर आजचं एक काम आहे. संध्याकाळी तुमची आई किंवा बाबा कामावरून घरी येतील. अभ्यास, खाऊ, मोबाईल हे सगळं नंतर. आधी त्यांना विचारा, "आज बसायला मिळालं का?" उत्तर लगेच येणार नाही. आजवर त्यांना हे कुणी विचारलेलंच नाही. तोवर तुम्ही उठा आणि त्यांना बसू द्या.