तबकडीला तेलाचं बोट

आमच्या विजेच्या शेगडीला ओतीव लोखंडाच्या दोन जाड तबकड्या आहेत. तापायला सुस्त, निवायला त्याहून सुस्त. रविवारी बंद केलेल्या तबकडीवर मी बुधवारी अंडं उकडलंय, असं मी माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात सांगतो. कोणी हसलंच तर म्हणतो, बरं, मंगळवारी. चाळीस वर्षं दुकान थापांवर चाललंय. घड्याळं काय, ऐकता ऐकता आपोआप सुरू होतात.

घरात मात्र कायदा वेगळा. बायको म्हणायची, "बाहेर हत्ती उडवा, घरात मुंगीसुद्धा खरी पाहिजे." तेवढा एक कायदा मी पाळत आलो होतो.

मग मुलीच्या बाळंतपणासाठी ही तीन महिने तिच्याकडे गेली. निघण्याआधी मला शेगडीपाशी उभं केलं.

"बटाटे शिजत आले की पाच मिनिटं आधीच बटण बंद करायचं. उरलेल्या धगीवर होतात. तबकडी कोमट झाली की ओल्या फडक्यानं पुसायची, मिनिटभर तापवून कोरडी करायची आणि निवली की तेलाचं बोट फिरवायचं. ओल राहिली तर गंजेल."

"अगं, मी घड्याळाची चाकं पुसतो. हे तर नुसतं लोखंड."

"घड्याळाला झाकण असतं. हिला तुम्ही आहात."

आठवडाभर मी इमानेइतबारे बोट फिरवलं. मग एके सकाळी दूध उतू गेलं. दुकानाची वेळ झालेली. मी दोन्ही तबकड्यांवर तांब्याभर पाणी ओतलं, तापलेली फुसफुसली, वर पत्र्याचं झाकण टाकून मी निघालो.

संध्याकाळी फोन आला. "पुसली?"

"पुसली."

"तेल?"

"लावलं."

इतकं सहज निघालं तोंडातून. जिभेला सवयच होती, फक्त दार चुकलं. दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं तर आदल्या दिवशीचंही सांगावं लागलं असतं. म्हणून रोज पुसली, रोज लावलं. जेवण समोरच्या खानावळीत.

ती यायच्या आदल्या दिवशी झाकण उचललं, तर दोन्ही तबकड्या विटेसारख्या लाल. तारेच्या घासणीनं बोटं सोलवटेपर्यंत घासल्या. डाग हटेनात. तेव्हा मी असं काही केलं, जे घड्याळजीशिवाय कोणाला सुचणार नाही: दुकानातून घड्याळाच्या चामडी पट्ट्यांचं काळं पॉलिश आणलं आणि तबकड्या अशा चमकवल्या की त्यात तोंड दिसावं.

ती आली, हातपाय धुतले, दूध तापत ठेवलं. दोन मिनिटांत घरभर धूर आणि जुन्या चामड्याचा वास.

"सर्दी झालीय शेगडीला," मी म्हटलं. "वाफारा घेतेय."

ती हसली नाही. बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि स्टुलावर बसून तबकडी निवायची वाट पाहू लागली. पाऊण तास. मग बोट फिरवलं. बोट काळं झालं, खाली लाल निघालं.

"रोज विचारत होते मी."

"हो."

"रोज लावलं म्हणालात."

माझ्याकडे दहा गोष्टी तयार होत्या. मी तिच्या काळ्या बोटासाठी फडकं पुढे केलं.

"आणि रक्तदाबाच्या गोळ्या? त्याही घेतो म्हणालात."

"त्या खरंच घेतल्या."

ती आत गेली, कपाटातली पाकिटं काढून उरलेल्या गोळ्या मोजल्या. बरोबर भरल्या. "बरं," म्हणाली. पण मोजल्या.

तिनं भांडायला हवं होतं. भांडण मला झेपलं असतं.

याला दोन वर्षं झाली. डाग तिनेच काढले, महिनाभर रोज थोडे थोडे. आता तेलाचं बोट मी न चुकता फिरवतो. ती आतून विचारते, "शेगडी बंद केली?" मी म्हणतो, "केली." आणि ती उठून येते.

काल तिचा गुडघा सुजला होता. म्हटलं, "बसून राहा गं, खरंच बंद आहे." ती भिंत धरत आली, बटण पाहिलं, तबकडीवर बोट टेकवून तेल लागतंय का पाहिलं, आणि तशीच भिंत धरत परत गेली.

दुकानात बुधवारच्या अंड्याची गोष्ट अजून सांगतो. गिऱ्हाइकं निम्मी तरी खरी मानतात.