खाऱ्या मातीचं रीडिंग

"साहेब, नारळ फोडायचा ना?" हवालदार उत्तमने विचारलं.

हरिहर देवस्थळींनी यंत्रावरून मान वर केली नाही. भूजल खात्यातल्या या माणसाने आयुष्यभर विहिरींच्या जागा दाखवल्या होत्या. जमिनीत सळ्या ठोकायच्या, वीज सोडायची, काटा बघायचा. नारळ तिथे लागतोच. आज शोधायचं होतं ते गोमाजीचं प्रेत.

"नाय फोरायचा," गोमाजीची बायको मनुबाई म्हणाली. "माजा घो काय झरा हाय?"

डोंबिवलीच्या खाडीकाठचं हे पडीक खाजण. गोमाजीला मारून इथेच पुरलं, असं आरोपीने कोठडीत कबूल केलं होतं. नक्की कुठे ते त्याला आठवत नव्हतं. नुसती कबुली कोर्टात टिकत नाही. परदेशात यंत्राने प्रेतं सापडतात, असं फौजदार बाबुरावांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. फोनवर हरिहर लगेच हो म्हणाले. जमीन खारी आहे का, एवढंच विचारायचं राहिलं.

खाऱ्या चिखलात वीज सगळीकडे सारखीच पळते. काटा सकाळपासून तळाला. इथे माणूस पुरलेला असो की अख्खी एसटी, यंत्राला दोन्ही सारखंच.

"साहेब, भरती यायच्या आत एक जागा द्या," बाबुराव म्हणाले. "उद्या माणसं मिळायची नाहीत."

"सांग ना रं दादा," मनुबाई म्हणाली. "तुना दिसतंय ना?"

'नाही' हा शब्द हरिहरांच्या तोंडापर्यंत आला. पण बाई त्यांच्याकडे अशी बघत होती, की त्यांचं बोट आपोआप उठलं. समोर चिखल होता. सगळीकडेच होता.

कमरेइतकं खणून झालं. काही नाही.

"म्हणजे प्रेत या जमिनीत नाही, असा रिपोर्ट देणार?" बाबुरावांनी विचारलं.

"तसं नाही लिहिता येत. यंत्राला इथे दिसत नाही, एवढंच. ती जागासुद्धा मी... अंदाजानेच दाखवली."

"अहो, आरोपी सुटेल हो! 'नाही' आणि 'दिसत नाही' ह्यातला फरक कोर्टाला कोण सांगणार?"

"मी सांगेन."

"सांगा. त्याचा वकील तुम्हालाच पुरेल," म्हणत बाबुराव जीपकडे वळले.

तेवढ्यात खड्ड्याच्या तळातून पाणी झिरपू लागलं. एरवी पाणी लागलं की गावं हरिहरांना गुलाल लावायची. मनुबाई खड्ड्यात उतरली आणि घमेल्याने पाणी बाहेर फेकू लागली. फेकलेलं पाणी काठावरून परत आत येत होतं.

हरिहरांनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि ते खाली उतरले. ती त्यांच्याकडे न बघता थोडी सरकली, दुसऱ्या माणसाला उभं राहता येईल एवढी.