संध्याकाळचा रकाना

“अहो, नळ बंद करा. बादली केव्हाच भरली असेल.”

बाथरूमचं दार बंदच. नळ तसाच धो धो चालू. आमच्या ह्यांनी पहाटे नळ असा मोकळा सोडला की तो अंघोळीसाठी नसतो, छातीतली शिट्टी बाहेर ऐकू येऊ नये म्हणून असतो, हे मला सोळा वर्षांच्या संसारात कळलं होतं. मी दाराला कान लावला. पाण्याच्या आवाजाखाली ती होतीच, बारीक आणि लांब.

“त्रास होतोय का?”

“येतोय ना. किती घाई!”

चार शब्द, आणि त्यात दोनदा श्वास.

पावणेसहा वाजले होते. सहा वीसला कोपऱ्यावर कंपनीची बस येते आणि गुडगावातल्या निम्म्या नवऱ्यांना मानेसरला घेऊन जाते. आज अकरा वाजता कंपनीच्या दवाखान्यात ह्यांचं मेडिकल होतं. ते पास झालं की जानेवारीत जपान, सहा महिन्यांचं ट्रेनिंग, आणि परत आल्यावर असिस्टंट इंजिनिअर. कारखान्यातून दोघंच निवडले होते. एक गौरव, सत्तावीस वर्षांचा, डिग्रीवाला. दुसरे हे, बेचाळीस वर्षांचे, इचलकरंजीचे आयटीआय फिटर. डिग्री नसलेला माणूस त्या यादीत पहिल्यांदाच आला होता. सप्टेंबरअखेर पत्र आलं तेव्हा ह्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. पुढच्याच रविवारी करोल बागेतून चाकांची मोठी बॅग आणली. ती घरात या खोलीतून त्या खोलीत ओढून पाहताना ह्यांचा चेहरा असा झाला होता, की मला ह्यांची दृष्ट काढावीशी वाटली.

हे बाहेर आले. ओठांभोवती फिकट, केस मात्र चापूनचोपून बसवलेले.

“सकाळचं औषध घेतलं?”

ह्यांनी फ्रिजकडे बोट दाखवलं.

फ्रिजवर आमचा कागद होता. गणपतीत ह्यांना दम्याचा मोठा झटका आला, तेव्हा डॉक्टरांनी दोन औषधं दिली. निळा पंप फक्त धाप लागली तर. आणि कॅप्सूल, ती छोट्या यंत्रात घालून फोडायची आणि आतली पूड ओढायची, रोज सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी. ‘बरं वाटत असलं तरी’ हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं होतं. मीच म्हटलं, तुमच्या मशीनला असतो तसा कागद करा. ह्यांनी पट्टी घेऊन तो आखला. तारीख, सकाळ, संध्याकाळ, सही.

ह्यांचं कामच ते. मशीन बंद पडायच्या आधी तिला तेल द्यायचं, पट्टा बदलायचा, आणि तिच्यावर टांगलेल्या कागदावर सही करायची. पंधरा वर्षांत ह्यांचा एक रकाना कोरा राहिलेला नाही आणि एक सही आगाऊ झालेली नाही. चूक झाली तर खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. चुकीवर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. आमच्या अक्षयाच्या वहीत व्हाइटनर दिसलं तेव्हा हे केवढ्यांदा ओरडले होते! “चूक केलीस ना? मग दिसू दे लोकांना!”

फ्रिजवरच्या कागदावर एकही जागा रिकामी नव्हती. मी डबा पुढे केला, तो घ्यायलाही हे थांबले नाहीत. “कँटीनमध्ये खाईन,” म्हणाले आणि जिना उतरले. एका मजल्यावर तीनदा थांबले. मी वरून मोजलं.

दूध फ्रिजमध्ये ठेवायला गेले आणि माझी नजर पुन्हा कागदावर पडली. सोळा नोव्हेंबर, सकाळ, सही. सोळा नोव्हेंबर, संध्याकाळ, सही.

सकाळचे साडेसहा वाजले होते.

मी तशीच आतल्या खोलीत गेले. मी कॅप्सूलची बाटली पलंगावर उपडी केली आणि मोजल्या. बरोबर होत्या, एकही जास्त नाही. म्हणजे आजची संध्याकाळचीसुद्धा बाटलीतून गेली होती. मग छाती कशी वाजत होती? मी बाथरूममध्ये गेले, का ते मला सांगता येणार नाही. साबणाच्या डबीमागे निळा पंप होता. ह्यांनी तो मुद्दाम घरी ठेवला होता. मेडिकलला खिसे रिकामे करायला लावले तर?

“आई, बाबांना साँस चढली होती ना?” अक्षया दप्तर घेऊन दारात उभी होती. तेरा वर्षांची पोर, इकडे दिल्लीकडे वाढलेली. धाप हा शब्द तिला येत नाही, पण कान माझ्यापेक्षा तिखट.

“तू शाळेत जा. आल्यावर चावी शेजारच्यांकडून घे.”

“तू कुठे?”

“मानेसरला.”

कारखान्यात फोन लावला. बाई म्हणाली, सुपरवाइजर लोग लाइन पर हैं, मेसेज छोड़िए. काय मेसेज ठेवणार? खरवडेजींचा दम्याचा पंप घरी राहिला? अख्ख्या ऑफिसला ऐकवायचं? ह्यांचे वडील, बळवंतराव, सूतगिरणीत कापूस पिंजून पिंजून धापेला लागले होते. त्यांच्या घराला गल्लीत ‘धापवाल्यांचं घर’ म्हणायचे आणि ह्यांना ‘धापवाल्यांचा पोरगा’. हे इतक्या लांब आले ते निम्मे नोकरीसाठी आणि निम्मे त्या नावापासून पळून. गेल्या पंधरा वर्षांत कारखान्यातल्या कुणीही ह्यांच्या हातात पंप पाहिला नव्हता.

म्हणून मी शहाणपणा केला. पंप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि डब्यात पोळ्यांच्या खाली ठेवला. डबा विसरला म्हणून बायको आली, यात कुणाला काय वावगं वाटणार?

जयपूर हायवेवर जीपमध्ये अकरा माणसं होती आणि मी बारावी. दोन्ही बाजूंना खणलेली जमीन, सिमेंटचे ट्रक, आणि नव्या इमारतींची धूळ अशी, की माझ्याच घशात खरखर झाली. ह्यांच्या बसच्या खिडक्या लागत नाहीत, हे आठवलं. डबा मी मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता.

गेटवर पावणेदहाला पोचले. गेटवरचा माणूस हरयाणवी, मिशीवाला.

“इब ना मिलैं, बहनजी. साब का मेडिकल सै. डब्बा रख दो, लंच में भिजवा दूँगा.”

“अभी दे दो भैया. उनको भूख जल्दी लगती है.”

“लंच में,” तो म्हणाला आणि डबा टेबलाखाली ठेवला.

मी बाकावर बसले. तो डबा माझ्यापासून चार हातांवर होता आणि त्यात ह्यांचा श्वास होता, आणि मी ह्यांची लाज सांभाळत तिथे गप्प बसले होते. साडेदहा झाले. पावणेअकरा. मला वाटलं, सांगून टाकावं. मग ती बॅग आठवायची, तिची चाकं आठवायची. अजून दहा मिनिटं बघू, असं मी तीनदा म्हटलं असेन. त्या तीनदाचा राग मला आजही येतो.

अकरा वाजून गेल्यावर गौरव धावत आला. टाय खांद्यावर उडालेला.

“गाड़ी निकालो, जल्दी!” तो गेटवाल्याला ओरडला आणि मग त्याला मी दिसले. “भाभीजी? आप यहाँ? खरवडेजी की तबियत... फूँक वाली मशीन में फूँक रहे थे, बस, फिर साँस ही...”

मी टेबलाखालून डबा ओढला आणि त्याच्या मागे धावले.

दवाखान्यात सातआठ माणसं होती. कंपनीचे डॉक्टर, दोन साहेब, रांगेतले बाकीचे कामगार. हे बाकावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानांपर्यंत वर चढलेले. ओठ जांभळे. डॉक्टर कपाटात काहीतरी शोधत होते आणि कंपाउंडरला विचारत होते, “दमे की हिस्ट्री है? फॉर्म में तो ‘नहीं’ लिखा है!”

ह्यांनी मला पाहिलं. मग माझ्या हातातला डबा पाहिला. ह्यांना क्षणात कळलं, आणि ह्यांनी मान हलवली. नको.

मी सगळ्यांसमोर डबा उघडला, पोळ्या बाजूला केल्या, पिशवी फाडली. कुणीतरी मागे म्हणालं, “अरे, ये तो पंप है.” मी तो ह्यांच्या तोंडापाशी नेला आणि ह्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. श्वास मिळत नसलेला माणूस ओठ मिटून बसला होता, माझ्याकडे बघत, विनवणी करत. पंधरा वर्षं, जपानचे सहा महिने आणि ती बॅग, सगळं त्या मिटलेल्या ओठांत होतं.

लग्नानंतर ह्यांचं नाव मी फक्त उखाण्यात घेतलं होतं.

“हरिदास!” मी ओरडले. “तोंड उघडा! अहो हरिदास, तोंड उघडा, पोरगी शाळेतून येईल हो!”

ह्यांनी तोंड उघडलं.

पंप दाबला, पुन्हा दाबला. गाडी आली. हॉस्पिटलात ऑक्सिजन, सलाइन, इंजेक्शनं. दुपारी चारच्या सुमारास ह्यांच्या नखांचा रंग परत आला आणि मग मला रडू आलं, तोवर आलं नव्हतं.

तीन दिवस ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी गौरव लॉकरमधलं सामान घेऊन आला. टॉवेल, चपला, आणि एक प्लास्टिकची बरणी. बरणीत कागदाच्या बारीक पुड्या होत्या, प्रत्येकीवर ह्यांच्या रेखीव अक्षरात तारखा. मी एक सोडली. आत चौदा कॅप्सूल होत्या. आठवड्याच्या.

“हे काय?”

हे छताकडे बघत तुटक तुटक बोलले. लाइनवर कुणालातरी बोलताना ऐकलं होतं, अशा औषधात स्टेरॉइड असतं, सहा आठवडे रक्तात दिसतं, मेडिकलमध्ये पकडतात. पत्र आल्यावर ऑक्टोबरच्या एक तारखेपासून बंद केलं. पण बाटली मी बघणार, म्हणून रोज दोन काढून खिशात.

“मग टाकून तरी द्यायच्या.”

“टाकवेना. चांगला माल आहे, साधना.”

मला हसावं की ह्यांना बदडावं कळेना. पंधरा वर्षं मशीनच्या कागदावर एक सही खोटी न करणारा माणूस माझ्या फ्रिजवर दीड महिना रोज दोनदा खोटं लिहीत होता, आणि त्यातही पुड्यांवर तारखा घालत होता!

हॉस्पिटलातली डॉक्टर तरुण होती. बरणी पाहून ती खुर्चीवर बसलीच.

“अंकल, इतनी सी दवाई खून में कौन ढूँढता है? फूँक की जाँच थी बस. ये रोज लेते रहते तो शायद आराम से पास हो जाते.”

ह्यांनी “जी” म्हटलं. ती गेल्यावर ह्यांनी भिंतीकडे कूस केली, आणि मी पाठीवर हात ठेवला तेव्हा पाठ थरथरत होती. मी म्हटलं नाही, की दुसरी संधी येईल. येणार नव्हती. फॉर्मवर ‘दमा नाही’ असं लिहिलेलं होतं आणि खाली ह्यांची सही होती.

घरी आलो त्या रविवारी गौरव भेटायला आला. उठताना संकोचून म्हणाला, जानेवारीत जायचंय, मोठी बॅग कुठे चांगली मिळेल? ह्यांनी अक्षयाला सांगितलं, “आतली बॅग आण.” ती चाकांवर घरघरत आली. “ले जाओ. नई है. आके लौटा देना,” हे म्हणाले, आणि तिचं कुलूप कसं बसतं ते त्याला दोनदा दाखवलं.

तो गेला. हे उठले, फ्रिजवरचे एकाखाली एक लावलेले महिन्यांचे कागद काढले, टेबलावर पसरले. अक्षयाला पट्टी आणायला सांगितली.

“बाबा, काय करताय?”

“दुरुस्ती.”

पहिली रेघ एक ऑक्टोबर, सकाळ. खालची सही वाचता येईल अशी, सरळ. शेजारी नवी सही आणि आजची तारीख. मग संध्याकाळ. मग दोन ऑक्टोबर. एकेका रकान्यापाशी पट्टी सरकत होती, मध्ये दम खायला हे थांबत होते, पण घाई नव्हती. मी म्हटलं, “पुरे झालं. फाडून टाका, नवा कागद आखा.” ह्यांनी ऐकलं नाही. अक्षया समोर हनुवटी टेकून बसली होती, आणि ह्यांनी तिच्यापासून कागद झाकला नाही. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. जपानला निघालेल्या माणसापेक्षा हा टेबलाशी वाकलेला माणूस मला जास्त आवडला, हे मी आजवर ह्यांना सांगितलेलं नाही.

सोळा नोव्हेंबरच्या संध्याकाळवर शेवटची रेघ मारून हे उठले. कॅप्सूल यंत्रात घातली, फोडली, ओढली, श्वास धरला. अक्षयाने बोटांवर दहा मोजले. मग आजच्या रकान्यात सही झाली.

मी कागद परत फ्रिजवर लावायला घेतले, तेव्हा दिसलं. सगळ्या रेघांमध्ये एक सही तशीच राहिली होती. दसरा, संध्याकाळ.

“ही राहिली,” मी म्हटलं.

“राहिली नाही,” हे म्हणाले. “त्या दिवशी सोनं देऊन तू समोर बसून राहिलीस. घेईपर्यंत उठलीच नाहीस. ती खरी आहे.”

मी तो कागद सगळ्यांत वरती लावला.