अळणी ताट

काळुरामचा चेहरा भरला तेव्हा कोपर गावच्या बायकांनी सगुणाचं कौतुक केलं. आता कुठे बायकोच्या हातचं त्याच्या अंगी लागलं, म्हणाल्या. सगुणाही सुखावली. मिठागरात राबणाऱ्या माणसाच्या अंगावर मांस दिसलं तर कुणाला वाईट वाटेल? आपल्याकडे सुजेलाही बाळसं म्हणायची हौस भारी.

पण पुढे सकाळी त्याचे डोळे उघडेनात. कमरेचा करगोटा मांसात रुतू लागला. लघवीवर फेस येऊन तो विरेना. सगुणाने त्याला होडीत घालून कल्याणच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या त्र्यंबकराव डॉक्टरांनी काचेच्या नळीत त्याची लघवी घेऊन दिव्यावर तापवली. ती पांढरी झाली, साकळली. पाठीत दोन मूत्रपिंडं असतात, ती याची बिघडली आहेत, असं त्यांनी समजावलं. अंगातलं सत्त्व गळून जातं आणि नको ते पाणी आत साचतं. कष्ट बंद, दूधभात द्या, आणि मीठ अजिबात नको; सुजेला मीठ तोडावं हे आपल्या जुन्या वैद्यांनाही ठाऊक होतं. किती दिवस, असं सगुणाने विचारलं.

"हा रोग बरा होत नाही, बाई. सांभाळावा लागतो," डॉक्टर म्हणाले. "जन्मभर."

परतताना सगुणाला रोगापेक्षा सासूची धास्ती जास्त होती. त्यांच्या घरात अळणी शिजायचं ते एकाच वेळी, सुतकात. जिवंत माणसापुढे अळणी ताट ठेवणं म्हणजे यमाला पाट मांडून देणंच की! पण सासूने, आवडाबाईने, सगळं निमूट ऐकून घेतलं. म्हातारीला पटलं, असं समजून सगुणाने सुटकेचा निःश्वास सोडला.

आता काळुरामच्या जागी ती मिठागरात जाऊ लागली. पहाटे भात शिजवून ठेवायची, दुपारी आवडाबाई मुलाला वाढायची. निघण्याआधी सगुणा त्याच्या नडगीवर अंगठा दाबून पाहायची. आधी खोल खळगा पडे, मग उथळ पडू लागला. तिला जरा धीर आला. आणि एका सकाळी खळगा पुन्हा खोल पडला, भरेचना. काळुरामला अन्न पाहूनच मळमळू लागलं, धाप लागू लागली. सगुणा घाबरून गेली. भांड्याला जुनं मीठ लागलं असेल म्हणून ती दोनदोनदा राखेने घासू लागली. अंगठा दाबायचीही तिला भीती वाटू लागली.

एके दिवशी फावड्याचा दांडा मोडला म्हणून ती भरदुपारी घरी आली. मागच्या दारातून तिला दिसलं, आवडाबाईने पदराची गाठ सोडली, चिमूटभर मीठ भातात कालवलं आणि मुलाला भरवलं. तोही मिठाच्या आशेने तोंड उघडत होता.

सगुणाला रागही आला नाही, इतकी ती भ्याली. तिने सासूचा हात धरला आणि तिचाच अंगठा काळुरामच्या नडगीवर दाबला. खळगा तसाच राहिला.

"आये, यो मिठाचा पानी हाय. आपनच त्याला बुरवताव."

म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "जित्या पोराचे ताटान सुतकाचा जेवान कसा वारू गो? मी आय हाय त्याची."

खरं सांगायचं तर सगुणालाही त्याच अपशकुनाची भीती वाटत होती. मीठ घालावं तर डॉक्टर खरा ठरेल, न घालावं तर सासू. इकडे आड तिकडे विहीर.

संध्याकाळी तिने भात शिजवला. आवडाबाई चुलीपाशी आली, गाठीतलं मीठ तिने विस्तवात टाकलं. ते तडतडून संपेपर्यंत ती पाहत राहिली. मग आपलं ताट उचलून तिने मुलाच्या ताटाला लावून ठेवलं.

"माझे ताटानपन अलनीच वार. रोज वार," ती म्हणाली. "न्यावाला येल त्याला दोन ताटां दिसतीन. मंग म्हातारीलाच उचलंल."

काळुरामने मान खाली घातली. सगुणाने दोघांना वाढलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने नवऱ्याच्या नडगीवर अंगठा दाबला. मग म्हातारीचा श्वास चालू आहे ना, तेही वाकून पाहिलं.